हॉर्टेन गांवचें छायाचित्रगृह

छायाचित्रासाठीं बसलेला मनुष्य त्या घटकेपुरता वेगळाच होतो, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस असेलच. अंगावर ठेवणींतलें वस्त्र आणि चेहऱ्यावर ठेवणींतलें गांभीर्य! ‘प्रतिमा’ ह्या शब्दांत ‘मा’ म्हणजे मोजणें हा धातु आहे. प्रतिमा करवून घेणें म्हणजे एका परीनें आपलें माप देणेंच. परंतु तें माप कोणाच्या गजानें घ्यावयाचें? नॉर्वे देशांतील दोन स्त्रियांनीं ह्या प्रश्नाचें जें उत्तर मागें ठेविलें, त्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहोंत.

मारी होएग हिचा जन्म १८६६ सालीं लांगेसुंद ह्या किनाऱ्यावरील गांवीं झाला. छायाचित्रणाची रीतसर उमेदवारी करून ती फिनलंडांत गेली, व तेथें कांहीं वर्षें तिनें हाच धंदा केला. तेथील स्त्रीहक्कांच्या चळवळीचा तिच्या मनावर खोल ठसा उमटला. १८९५ मध्यें स्वदेशीं परतून, आपल्याहून सहा वर्षांनीं लहान असलेल्या बोलेट बर्ग हिच्यासह, तिनें हॉर्टेन येथें ‘बर्ग आणि होएग’ ह्या नांवानें छायाचित्रगृह उघडलें. गांव लहान, पण आरमाराचें मोठें ठाणें तेथेंच होतें.

त्या काळीं चित्र कांचेवर उमटत असे. कांचेवर रुप्याच्या क्षारांचा लेप असे. त्यावर प्रकाश पडला, कीं औषधी द्रवांत धुतल्यावर उजेडाची जागा काळी व काळोखाची जागा स्वच्छ होई. त्या उलट्या चित्रावरून कागदावर सुलट चित्र उतरवीत. कामास हात हलका व चित्त सावध लागे. आणि मुख्य म्हणजे ह्या कामांत स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर उभें राहतां येई.

दुकानास गिऱ्हाइकांची ये-जा असावयाचीच. त्यामुळें तेथें चार बायका जमल्या तर त्यांत नवल तें काय? मताधिकाराचा विचार करणाऱ्या स्त्रियांचें तें भेटीचें ठिकाण बनलें. मारीबाईंनीं गांवांत स्त्रियांचें चर्चामंडळ काढलें, मताधिकार संघाची शाखा काढली, आणि क्षयरोगनिवारणाचें कामहि अंगावर घेतलें. नॉर्वेंत स्त्रियांना सार्वत्रिक मताधिकार मिळाला तो १९१३ सालीं. त्याची मशागत अशा लहान लहान खोल्यांतून झाली होती.

१९०३ मध्यें दोघी राजधानीस, म्हणजे तेव्हांच्या क्रिस्तियानियास, गेल्या. तेथें त्यांनीं प्रकाशनसंस्था चालविली व आपल्या देशांतील स्त्रियांविषयीं तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलेटबाई १९४४ मध्यें व मारीबाई १९४९ मध्यें वारल्या.

पुढें कित्येक वर्षांनीं त्यांच्या संग्रहांतील सुमारें ४४० कांचा हातीं आल्या. त्यांत देखावे होते, तसबिरी होत्या. आणि ‘खासगी’ असें लिहिलेल्या कांहीं कांचाहि होत्या. त्यांवर काय असावें? केंस कापलेल्या मारीबाई मिशा लावून उभ्या आहेत. कोठें ध्रुवप्रदेशाच्या प्रवाशासारखा केसाळ पोषाख चढविला आहे. तर कोठें दोघी मैत्रिणी रंगविलेल्या पडद्यापुढें होडींत बसून वल्हीं मारीत आहेत. त्यांचा भाऊहि एका चित्रांत स्त्रीवेषानें हजर आहे!

हें पाहून कोणी नाक मुरडील. आम्हांलाहि प्रथम हंसूंच आलें. पण पुन्हां पाहिल्यावर वाटलें, कीं दिवसभर गिऱ्हाइकांचें माप जगाच्या गजानें घेणाऱ्या ह्या स्त्रियांनीं, दार लावल्यावर आपलें माप स्वतःच्या गजानें घेतलें. तसें घेतां आलें ह्याचें कारण साधें आहे: खोली त्यांची, यंत्र त्यांचें, आणि कमाईहि त्यांचीच!

त्या कांचा आतां हॉर्टेन येथीलच प्रॉयस संग्रहालयांत आहेत. कोणी एकानें त्या जुनें भंगार म्हणून फोडून टाकिल्या असत्या तर? आमच्या घरोघरींहि माळ्यावर आत्याबाईंच्या वा आजीबाईंच्या पेट्या असतात. वाचकहो, त्या रिकाम्या करण्यापूर्वीं एकदां उघडून नीट पाहा. भिंतीवरच्या तसबिरींत न दिसलेली आजी कदाचित् तेथें भेटेल.