घरबांधणीसाठी वास्तुविशारदाची नेमणूक

घरबांधणीसाठी वास्तुविशारदाची नेमणूक म्हणजे स्वतःच्या भूखंडावर घर बांधू इच्छिणाऱ्या व्यक्तीने घराची रचना, परवानगीची कागदपत्रे, बांधकामाची तपशीलवार रेखाचित्रे आणि कामाची वेळोवेळी तपासणी यांसाठी नोंदणीकृत व्यावसायिकाशी केलेला करार होय. भारतात या व्यवसायाचे नियमन वास्तुविशारद अधिनियम, १९७२ या कायद्याने होते. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत अशी नेमणूक रूढ आहे. ग्रामीण भागात मात्र घर बहुधा गवंडी, ठेकेदार आणि परवानाधारक अभियंता यांच्या हातून उभे राहते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील पाचोड हे धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील मोठे गाव याचे उदाहरण म्हणून घेता येते. जिल्ह्याच्या ठिकाणापासून ते सुमारे ५० किलोमीटरवर, बीडच्या दिशेला आहे. अशा गावांत नवी घरे जुन्या गावठाणातून बाहेर पडून शेतजमिनीवर बांधली जातात, तेव्हा घरासाठी लागू होणारा कायदा बदलतो आणि पायाखालची मातीही बदलते. आराखडा कोणी करावा हा प्रश्न तेथे निव्वळ सौंदर्याचा राहत नाही.

पार्श्वभूमी

मराठी ग्रामव्यवस्थेत गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग मानले जात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मराठवाड्यातील पारंपरिक घर पांढरीवर बांधले जाई. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया आणि वर मातीचे धाबे किंवा माळवद असे त्याचे स्वरूप असे. घराचा आकार खणांत मोजला जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. सुताराने खण ठरवले की घराची रचना जवळपास ठरून जाई, त्यामुळे वेगळ्या आराखड्याची गरज भासत नसे. उन्हाळ्यात ही घरे थंड राहत. त्यांचा दोष ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात उघड झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मातीत रचलेल्या दगडी भिंती जड माळवदांसह कोसळल्या आणि हजारो लोक मृत्युमुखी पडले. भूकंपानंतरच्या दुरुस्ती व बळकटीकरणाच्या कार्यक्रमात घरमालकाने स्वतः बांधावे आणि अभियंत्याने मार्गदर्शन करावे, अशी पद्धत अवलंबण्यात आली. दोघांमधील दुवा म्हणून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. ग्रामीण घरमालक आणि तंत्रज्ञ यांच्यात इतका व्यापक संवाद महाराष्ट्रात क्वचितच झाला आहे.

आज सिमेंट-काँक्रीटचे खांब, तुळया आणि स्लॅब यांच्या घराने माळवदाची जागा घेतली आहे. गवंड्याचे कौशल्य बांधणीत असते. खांबात किती सळई लागेल किंवा पाया किती खोल असावा याची गणना हा निराळा विषय आहे. पाचोड परिसरातील शेतजमीन गोदावरी खोऱ्यातील काळ्या मातीची आहे. या मातीतील चिकणखनिजे पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. शेतात पडणाऱ्या रुंद भेगा हे त्याचेच रूप. उथळ पायावरील घर या हालचालीबरोबर वर-खाली होते. त्यामुळे दारे अडकतात, जोत्याला तडे जातात आणि खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा निघतात. मुरूम किंवा खडक जवळ असेल तर तेथपर्यंत खोदून पाया घेणे हा सरळ उपाय आहे. काळ्या मातीचा थर खोल असेल, तर तळाशी फुगीर आकार असलेल्या काँक्रीटच्या खुंट-पायाची पद्धत उपलब्ध आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती विकसित केली असून भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात तिचे नियम दिले आहेत. गावठाणातील जागाही बिनधोक नसते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडझडीची माती साचून तयार झालेल्या भरावात पाया असमान खचू शकतो. दोन्ही ठिकाणी चाचणी खड्डा खोदून माती पाहिल्याशिवाय पायाची खोली ठरवणे हा अंदाजाचा व्यवहार ठरतो.

संज्ञा आणि कायदेशीर स्थान

भारतात वास्तुकलेच्या व्यवसायाची संघटित सुरुवात मुंबईत झाली. सर ज. जी. कला विद्यालयाच्या वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेली संघटना १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. वैधानिक नोंदणी मात्र १९७२ च्या कायद्याने आली आणि तीसाठी वास्तुकला परिषद (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर) स्थापन झाली. मान्यताप्राप्त पाच वर्षांची पदवी घेतलेल्या व्यक्तीस परिषद नोंदणी क्रमांक देते. ‘सीए’ ही अक्षरे, नोंदणीचे वर्ष आणि क्रमांक असे त्याचे स्वरूप असते. परिषदेच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पडताळता येतो.

या कायद्याचे कलम ३७ बहुतेक घरमालकांच्या समजुतीपेक्षा मर्यादित आहे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वापरण्यास ते मनाई करते. मूळ कायद्यात पहिल्या दोषसिद्धीस ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. घराची रचना करण्याचे काम मात्र केवळ वास्तुविशारदासाठी राखून ठेवलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल’ या प्रकरणात हेच स्पष्ट केले: संरक्षण उपाधीला आहे, कामाला नाही. त्यामुळे परवानाधारक अभियंत्याने घराचा नकाशा काढणे बेकायदेशीर नाही आणि साध्या घरासाठी ते पुरेसेही असू शकते. मात्र ‘इंजिनियर अँड आर्किटेक्ट’ अशी पाटी पाहून नोंदणी गृहीत धरता येत नाही.

मराठीत आणखी एक गोंधळ संभवतो. ‘वास्तुविशारद’ आणि वास्तुशास्त्राचा सल्ला देणारा ‘वास्तुतज्ज्ञ’ हे भिन्न आहेत. दिशा व स्थाने सांगणाऱ्या सल्लागारांसाठी कोणतीही वैधानिक नोंदणी नाही आणि बांधकामाच्या सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. दोघांचा सल्ला घ्यायचा असल्यास वास्तुतज्ज्ञाच्या सूचना आराखडा पक्का होण्यापूर्वीच मांडणे सोयीचे असते. पाया भरल्यावर सरकवलेले स्वयंपाकघर खांब आणि सांडपाण्याच्या नळ्या या दोहोंची मांडणी बिघडवते.

जागा आणि परवानगी

रेखाचित्राला हात घालण्यापूर्वी जागेची कागदपत्रे पाहणे हे वास्तुविशारदाचे पहिले काम असते. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा वापरला जातो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी करून गावठाणातील मिळकतींच्या पत्रिका व सनदा दिल्या जात आहेत. गावठाणाबाहेर सातबारा, बिनशेती वापर आणि प्रादेशिक योजनेतील विभाग हे प्रश्न येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील आणि योजनेत विकासयोग्य विभागात असलेली जमीन ठरलेला आकार भरल्यावर बिनशेती मानली जाते. शेतातून गुंठ्याने विकत घेतलेला तुकडा हा अधिक नाजूक विषय आहे, कारण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे बंधन त्यास लागू होऊ शकते. महामार्गालगतच्या भूखंडावर इमारत रेषेमुळे बांधण्याजोगी जागा अपेक्षेपेक्षा बरीच कमी उरते. हे सारे उत्तम आराखडा तयार झाल्यावर कळले, तर शुल्क आणि वेळ दोन्ही वाया जातात.

ग्रामीण बांधकामावरील नियंत्रणाची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतांश क्षेत्रासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. ग्रामीण भागात सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रे, नकाशे आणि ते नियमावलीस धरून असल्याचे परवानाधारक तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीस सादर करून व शुल्क भरून काम सुरू करण्याची सोय झाली. सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी पुरते आणि नगररचना विभागाकडे जावे लागत नाही. या सुलभीकरणात प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याची जबाबदारी वाढली, कारण त्यानंतर नकाशाची बारकाईने छाननी होईलच असे नाही.

नकाशा आणि कामाची रेखाचित्रे

ग्रामीण भागात ‘नकाशा काढणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ बहुधा परवानगीचा किंवा बँकेच्या कर्जाचा नकाशा एवढाच असतो. त्यात खोल्यांची मापे, समासातील अंतरे, एक छेद आणि क्षेत्रफळाचा तक्ता असतो. ग्रामपंचायतीला आणि बँकेला तेवढे पुरते. घर बांधायला पुरत नाही. पायाची खोली, खांबांतील सळयांची संख्या, जिन्याच्या पायऱ्यांची उंची, विजेच्या व पाण्याच्या नळ्यांचे मार्ग, न्हाणीघराचा उतार यांपैकी काहीच त्यात नसते. कामाची रेखाचित्रे हा स्वतंत्र संच असतो आणि खांब, तुळया व पाया यांची गणना रचना अभियंता करतो. ही रेखाचित्रे नसतील तर जागेवर फक्की मारून आखणी होते आणि उरलेले निर्णय ठेकेदार त्या-त्या दिवशी घेतो. अनेक घरमालक वास्तुविशारदाचे शुल्क दिल्याचे समजतात, पण प्रत्यक्षात त्यांनी केवळ सहीचा नकाशा घेतलेला असतो.

आराखड्याचा प्रभाव हवामानाच्या बाबतीत विशेष जाणवतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. पश्चिमेच्या भिंतीला जिना, कोठी किंवा न्हाणीघर लावणे, ओसरीने दक्षिणेचे ऊन अडवणे, समोरासमोर खिडक्या ठेवणे हे उपाय रेखाचित्रात फुकट होतात. घर बांधून झाल्यावर त्यांची किंमत कूलरच्या वीजबिलात मोजावी लागते. धान्याची पोती, जनावरे, ट्रॅक्टर आणि मोसंबीच्या हंगामातील क्रेट यांसाठी लागणारी जागा शहरातील छापील नकाशांत नसते, हेही शेतकरी कुटुंबाने पहिल्याच भेटीत सांगणे आवश्यक असते.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मधील लाभार्थी बहुधा वास्तुविशारद नेमत नाहीत. सपाट प्रदेशात केंद्राच्या निकषानुसार १,२०,००० रुपये साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर घर या मर्यादेत ते परवडतही नाही. त्यांच्यासाठी ‘पहल’ या संग्रहात प्रदेशानुसार घरांचे नमुने तयार केलेले आहेत.

करार आणि शुल्क

वास्तुकला परिषदेच्या नेमणुकीच्या अटींत कामाचे सात टप्पे मानले आहेत: संकल्पना, प्राथमिक आराखडा, परवानगीची रेखाचित्रे, कामाची रेखाचित्रे व निविदा, ठेकेदाराची नेमणूक, बांधकाम आणि पूर्तता. शुल्क बांधकामखर्चाच्या टक्केवारीत, चौरस फुटाच्या दराने किंवा ठोक रकमेत ठरते व टप्प्याटप्प्याने दिले जाते. टक्केवारीच्या पद्धतीत खर्च वाढला की शुल्कही वाढते. म्हणून लहान घरासाठी ठोक रक्कम अनेकांना सोयीची वाटते. जीएसटी नोंदणी असलेला व्यावसायिक शुल्कावर १८ टक्के कर आकारतो. रचना अभियंत्याचे शुल्क समाविष्ट आहे की नाही, हा वादाचा नेहमीचा मुद्दा आहे.

लेखी करारात कोणत्या टप्प्यापर्यंतचे काम अभिप्रेत आहे, किती रेखाचित्रे मिळणार, आराखड्यात किती वेळा बदल करता येतील आणि करार मध्येच थांबल्यास हिशेब कसा होईल, हे नमूद असावे लागते. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार रेखाचित्रांचा हक्क सामान्यतः ती काढणाऱ्याकडे राहतो. पैसे दिले म्हणून तोच आराखडा भावाच्या भूखंडावर पुन्हा वापरता येत नाही.

देखरेख

वास्तुविशारदाची तपासणी नियतकालिक असते. रोजची देखरेख त्याच्या शुल्कात येत नाही. परिषदेच्या अटींनुसार दैनंदिन देखरेखीसाठी ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने माणूस ठेवायचा असतो. शहरातील वास्तुविशारदास पाचोडला येण्यात अर्धा दिवस जातो. त्यामुळे भेटींची संख्या आणि प्रवासखर्च आधीच ठरवणे इष्ट असते. निदान तीन भेटी टाळता येत नाहीत: पायाचा खड्डा खोदून झाल्यावर काँक्रीट टाकण्यापूर्वी, जोत्याच्या पातळीवर, आणि स्लॅबच्या सळया बांधून झाल्यावर. या तिन्ही वेळी जे झाकले जाते ते पुन्हा पाहता येत नाही. उरलेल्या दिवसांत क्युरिंगचे पाणी, वाळूतील माती आणि मिश्रणातील पाण्याचे प्रमाण यांवर लक्ष ठेवणे घरमालकाच्याच हाती असते.

तक्रार निवारण

नोंदणीकृत वास्तुविशारदाच्या व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार परिषदेकडे करता येते. कायद्याच्या कलम ३० नुसार परिषद ताकीद देऊ शकते, व्यवसायास स्थगिती देऊ शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. नुकसानभरपाई देववू शकत नाही. भरपाईसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जावे लागते आणि तेथे लेखी करार, पावत्या व सहीची रेखाचित्रे हाच पुरावा असतो. सहीच्या नकाशापलीकडे काही ठरलेच नसेल, तर पायाच्या दोषाची जबाबदारी कोणाची हे सिद्ध करणे कठीण जाते.

रेखाचित्रांचा संच घर पूर्ण झाल्यावरही लागतो. वरचा मजला पुढे चढवता यावा म्हणून गच्चीवर खांबांच्या सळया उघड्या सोडण्याची पद्धत मराठवाड्यात सर्वत्र दिसते. काही वर्षांत त्या गंजतात. मुले मोठी होऊन मजला चढवण्याची वेळ येते, तेव्हा खालचे खांब आणि पाया तो भार पेलतील काय, हे मूळ रचना-रेखाचित्रे जपून ठेवलेली असतील तरच खात्रीने सांगता येते.