फॉर्म सबमिट झाला, मागे काय उरलं?

दहावीचा निकाल लागला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांचा हंगाम सुरू होतो. मुंबई महानगर प्रदेशातले अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले, पण ऑनलाइन म्हणजे घरबसल्या असं काही सगळ्यांच्या बाबतीत झालं नाही. स्कॅन करायला, प्रिंट काढायला दुकान गाठावंच लागतं. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, सगळं काउंटरवर लावलेल्या नंबरवर व्हॉट्सॲप करायचं. दुकानदार ते संगणकावर उतरवून घेतो, प्रिंट देतो आणि ‘पुढचा’ म्हणतो. घाईत लॉगआउट राहून जातं. ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ या प्रश्नावर कोणीतरी ‘हो’ दाबलेलं असतं. संध्याकाळपर्यंत डाउनलोड्सच्या फोल्डरात अर्ध्या मोहल्ल्याचे दाखले जमा होतात आणि तिथेच राहतात. यात दुकानदाराचा वाईट हेतू असायचं कारण नाही. फोल्डर रिकामा करणं हे कोणाचंच काम नसतं, इतकंच.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने याच प्रकारावर पत्रक काढलं होतं. सायबर कॅफेतल्या संगणकावर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, आणि शक्यतो शेवटचे चारच अंक दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. लोकांचा गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. सल्ला मात्र अगदी बरोबर होता.

महाराष्ट्रात ब्राउझर शिकवण्याची परंपरा तशी जुनी. एमकेसीएल या संस्थेचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि गल्लोगल्लीच्या क्लासांत एका पिढीने माउस धरायला, ई-मेल उघडायला शिकून घेतलं. आजच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सामाजिक आरोग्य’ या धड्यात सायबर गुन्हेही आहेत. म्हणजे वापर शिकवला जातो आणि धोक्याची सूचनाही मिळते. मधला भाग, म्हणजे आपण वापरताना नेमकी नोंद कुठे होते, तो निसटतो. मुलांना हेच आधी कळायला हवं.

नोंद तीन ठिकाणी होते. पहिलं ठिकाण हातातलं यंत्र: हिस्टरी, सेव्ह केलेले पासवर्ड, डाउनलोड्स आणि कुकीज. कुकी ही १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी काढलेली युक्ती. तिच्यामुळे संकेतस्थळाला परत आलेला माणूस ओळखता येऊ लागला. पुढे तिच्यावर जाहिरातींचा अख्खा धंदा उभा राहिला. दुसरं ठिकाण समोरच्या कंपनीचं. ब्राउझरची इन्कॉग्निटो (खासगी) खिडकी फक्त पहिल्या ठिकाणची नोंद ठेवत नाही, आणि तिथेही डाउनलोड केलेल्या फायली राहतातच. संकेतस्थळाला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, कॉलेजच्या वायफायला जे दिसायचं ते दिसतंच. इन्कॉग्निटोत कोणालाच काही दिसत नाही, या गैरसमजावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मध्ये गूगलने इन्कॉग्निटोतल्या वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचंही तसंच. कुलूप म्हणजे वाटेत मजकूर कोणी वाचत नाही, एवढंच. पलीकडे चोर बसलेला असला तरी कुलूप दिसतं. लोक त्याचा अर्थ ‘भरवशाचं’ असा लावतात, म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं. मुलांना चिन्हाऐवजी पत्ता नीट वाचायला लावणं जास्त उपयोगाचं.

तिसरं ठिकाण दुसऱ्याचा मोबाईल, आणि तिथे आपला काहीच इलाज चालत नाही. याचं उदाहरण ठाणे जिल्ह्यातलंच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदवर पालघरच्या (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं) एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि मैत्रिणीने त्या लाइक केल्या. पोस्ट काढून टाकली, माफी मागितली, तरी जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि दोघींना अटक झाली. पुढे प्रकरण बंद झालं, पोलीस अधिकारी निलंबित झाले. या अटकेनंतर श्रेया सिंघल या दिल्लीच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघींवर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवलं. ही गोष्ट वर्गात ‘बघा, म्हणून काही लिहू नका’ अशी सांगितली जाते, ते चुकीचं आहे. कायदा त्या मुलींच्या बाजूने निघाला. शिकण्यासारखं आहे ते हे, की ‘डिलीट’ फक्त आपल्या बाजूने होतं.

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेण्याची आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करण्याची तरतूद आहे. कागदावर उत्तम. पण कितीतरी घरांत आईबाबांचा ओटीपी टाकणारं, त्यांच्या मोबाईलवर ‘अलाऊ’ दाबणारं मूलच असतं. तेव्हा हे सगळं शिकवण्याचा तास पालकसभेच्या दिवशी ठेवावा. पालक आणि मूल दोघांनी शेजारी बसून गूगलचं ‘माय ॲक्टिव्हिटी’ पान उघडावं, तीन महिन्यांनी नोंदी आपोआप पुसल्या जातील अशी सोय चालू करावी आणि मग व्हॉट्सॲपमध्ये ‘आधार’ शोधून ते आजवर किती अनोळखी नंबरांना गेलंय ते मोजावं.