विटेची भिंत रंगवावी का?

पावसाळा ओसरला आणि दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांतून रंगकामाची बोलणी सुरू होतात. गिलावा केलेल्या घराच्या बाबतीत प्रश्न एवढाच असतो, की रंग कोणता आणि खर्च किती. पण ज्यांनी घराच्या बाहेरच्या भिंती विटेच्याच, उघड्या ठेवल्या आहेत, त्यांच्यापुढे आधी दुसराच प्रश्न उभा राहतो: या भिंतींना रंग द्यावा की नाही? रंगारी सांगतो, "साहेब, रंग म्हणजे भिंतीचा रेनकोट." उपमा चांगली आहे. मात्र जून महिन्यातल्या उकाड्यात रेनकोट घालून दोन किलोमीटर चालून आलेल्या माणसाला आतला सदरा कोरडा राहिला का, तेही विचारून पाहावे.

निर्णय घाईने घेण्यासारखा नाही. गिलाव्यावरचा रंग नको वाटला तर खरवडता येतो. विटेच्या छिद्रांत शिरलेला रंग पूर्णपणे परत निघत नाही. म्हणून विटेत पाणी कसे शिरते आणि कसे बाहेर पडते, हे आधी नीट समजून घेऊ.

वीट म्हणजे भाजलेली माती. भट्टीत साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला मातीचे कण कडेकडेने वितळून एकमेकांना चिकटतात, पण त्यांच्यामधल्या सगळ्या फटी बुजत नाहीत. परस्परांना जोडलेल्या सूक्ष्म छिद्रांचे एक जाळेच विटेत तयार होते. ते किती पाणी धरते, हे कोणत्याही शाळेत पाहता येईल. कोरडी वीट तोलावी, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी, पुसून पुन्हा तोलावी. सामान्य प्रतीच्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असे भारतीय मानक सांगते. वरच्या प्रतीसाठी ही मर्यादा १५ टक्के आहे. १५ टक्के हा आकडा घेऊन हिशेब करू. नऊ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ४०० किलो भरते. ती पुरती भिजली, तर तेवढ्या तुकड्यात ६० लिटर पाणी मावेल, म्हणजे चार बादल्या!

हे पाणी आत ओढले जाते ते केशाकर्षणाने. नववी-दहावीच्या मुलांना बारीक नळीत पाणी चढताना आपण दाखवतोच. नळीची त्रिज्या १ मि.मी. असेल तर पाणी सुमारे १५ मि.मी. चढते, त्रिज्या दहापट कमी केली की उंची दहापट वाढते. विटेतली पुष्कळशी छिद्रे एक सहस्रांश मि.मी.च्या आसपास असतात. त्या हिशेबाने पाणी १५ मीटर चढायला हवे, म्हणजे चार मजले! प्रत्यक्षात जोत्यापासून साधारण हात-दोन हातांवर ओलीची रेषा थांबते. याचे कारण असे, की पाणी वर चढत असतानाच भिंतीच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होत असते. जेवढे खालून येते तेवढेच बाहेरून उडून जाते, त्या उंचीवर ओल स्थिरावते. उघड्या विटेची भिंत टिकते ती या उडून जाण्यामुळे. आता तिच्यावर वाफ अडवणारा थर दिला तर काय होईल? ओलीची रेषा आणखी वर सरकेल. बाहेरून रंग दिल्यावर आतल्या खोलीतली ओल वाढली, ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिच्यामागे हे साधे गणित असते.

भिंत वाळण्याचेही दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात छिद्रांतून पाणी द्रवरूपातच पृष्ठभागापर्यंत येत राहते आणि तिथे त्याची वाफ होते. हे काम जलद चालते. पृष्ठभागाकडचे पाणी तुटले, की दुसरा टप्पा सुरू होतो. आता वाफ आतच तयार होते आणि छिद्रांतून वाट काढत बाहेर येते. याला फार वेळ लागतो. भिंतीवर तैलरंगाचा किंवा जाड प्लास्टिकसारख्या रंगाचा पापुद्रा असला, तर पहिला टप्पा जवळजवळ मिळतच नाही. बरे, पापुद्रा आहे म्हणून पाणी आत येणार नाही म्हणावे, तर तसेही नाही. सांध्यांपाशी, खिडकीच्या चौकटीपाशी, छताच्या कडेला केसाएवढ्या भेगा पडतातच, आणि केसाएवढी भेग म्हणजे केशाकर्षणाला आमंत्रणच. पाणी भेगेतून द्रवरूपात झटकन आत जाते, बाहेर पडताना मात्र त्याला वाफ होऊन पापुद्र्यातून झिरपावे लागते. आवक मोठी, जावक छोटी. चार महिन्यांत साठलेले पाणी मग होळीपर्यंत भिंतीत मुक्काम करते.

नुसते पाणी असते तर एक वेळ चालले असते. खरा घात करतात ते क्षार. विटेच्या मातीत, भट्टीच्या कोळशातल्या गंधकामुळे, सिमेंटमध्ये, जमिनीतल्या पाण्यात, सगळीकडे विद्राव्य क्षार थोडेफार असतात. पाण्याबरोबर ते पृष्ठभागाशी येतात, पाणी उडून जाते आणि मागे पांढरी भुकटी उरते. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. उघड्या विटेवर पृष्ठभागाशी जमलेला असा लोणा दिसायला वाईट, पण बराचसा निरुपद्रवी असतो. कोरड्या ब्रशने झाडला की काम झाले. (पाण्याने धुऊ नये. क्षार विरघळून पुन्हा आत जातात.) रंगाचा थर आड आला, की हेच स्फटिक थराच्या मागे, विटेच्या छिद्रांत तयार होऊ लागतात. तिथे त्यांना वाढायला जागा नसते.

यातला सोडिअम सल्फेट हा क्षार विशेष खोडकर आहे. तो निर्जल रूपात असतो, तसाच पाण्याचे दहा रेणू बरोबर घेऊन स्फटिक रूपातही असतो. दुसऱ्या रूपात त्याचे आकारमान पहिल्याच्या सुमारे चौपट होते. आणि एका रूपातून दुसऱ्यात जाण्याची सीमा आहे ३२.४ अंश सेल्सिअस. आपल्याकडे ऊन लागणाऱ्या भिंतीचे तापमान वर्षातले कितीतरी दिवस दुपारी या आकड्याच्या वर आणि रात्री खाली असते. ओल उपलब्ध असेल, तर क्षाराची ही उलटापालट वारंवार होत राहते आणि दर वेळी छिद्राच्या भिंतींवर दाब येतो. थंड देशांत छिद्रांतले पाणी गोठून नऊ टक्के प्रसरण पावते आणि विटा फोडते. आपल्याकडे बर्फाचे ते काम क्षार करतात. आमच्या वसाहतीजवळ एका बंगल्याची पश्चिमेकडची विटेची भिंत मोठ्या हौसेने चकचकीत रंगवली होती. तिसऱ्या पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे सुटले, आणि प्रत्येक पोपड्याच्या मागच्या बाजूला विटेचा लालसर थर चिकटलेला होता. रंगाबरोबर विटेची कातडीही निघून आली होती. वीट भाजताना तिचा बाहेरचा थर सर्वांत टणक होतो. तो गेला की आतला भाग पुढच्या पावसाळ्यांत भराभर झिजतो. रंग काढण्यासाठी वाळूचा मारा करतात, तेव्हाही हाच थर उडतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मग रंगाचे नावच नको. तसे माझे म्हणणे नाही. कोकणात नैऋत्येची झड भिंतीवर तासन्‌तास आपटते. तिथे जुने लोक पश्चिमेच्या अंगाला झाप लावत, ते उगीच नव्हे. जांभ्याच्या चिऱ्याची भिंतही विटेसारखीच, किंबहुना अधिक, सच्छिद्र असते. शिवाय कमी भाजलेल्या, नखाने ओरखडा उठणाऱ्या विटा उघड्या ठेवण्याच्या लायकीच्याच नसतात. आणि उन्हाचा मुद्दा तर खराच आहे. तांबडी वीट अंगावर पडलेल्या सौर ऊर्जेपैकी साधारण दोन-तृतीयांश शोषून घेते, ताजी पांढरी सफेदी जेमतेम पाव. वैशाखातल्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊर्जा पडत असेल, तर उघडी वीट ४०० वॅट घेईल आणि सफेदी १५०. विदर्भात किंवा मराठवाड्यात हा फरक संध्याकाळी आतल्या खोलीत बसणाऱ्याला कळतो. सफेदीवर धूळ बसली की फायदा कमी होतो, हेही खरे.

तेव्हा प्रश्न रंगाच्या जातीवर येतो. विटेला चालतो तो वाफ जाऊ देणारा रंग. चुन्याची सफेदी यात सर्वांत जुनी: चुन्याची निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शिअम कार्बोनेट होते आणि विटेसारखाच एक सच्छिद्र थर बनतो. ती दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते, पण पोपडे ओढून विटेला सोलत नाही. सिलिकेट रंग हे दुसरे उदाहरण. बव्हेरियाच्या आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पोटॅशिअम सिलिकेट विटेतल्या व गिलाव्यातल्या खनिजांशी रासायनिक बंध जोडते, त्यामुळे वेगळा पापुद्रा असा राहत नाही. महाग पडतो आणि एकदा दिला की कायमचा, हे लक्षात ठेवावे. रंगच नको असेल, तर सायलेन वर्गातली पारदर्शक द्रव्ये मिळतात. ती छिद्रे न बुजवता त्यांच्या भिंतींना पाणी न चिकटेल असे करतात. मात्र विटेत आधीच क्षार असतील, तर तेही आता द्रव्य मुरलेल्या थराच्या मागे साठतात आणि घोटाळा तोच होतो. विक्रेता हे सहसा सांगत नाही.

म्हणून डबा विकत घेण्याआधी भिंतीची परीक्षा घ्यावी, आणि हे काम अकरावी-बारावीचे विद्यार्थी उत्तम करू शकतील. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. घर बांधताना उरलेली एखादी वीट परसात पडलेली असतेच; ती बशीत २५ मि.मी. पाण्यात उभी करावी, पाणी शोषून वाळू द्यावे, पुन्हा तेवढेच पाणी घालून वाळू द्यावे. मानकाप्रमाणे पृष्ठभागाच्या दहा टक्क्यांपर्यंत लोणा आला तर तो किरकोळ, पन्नास टक्क्यांपर्यंत मध्यम, पुढे भारी समजतात. भिंतीवरची भुकटी परीक्षानळीत घेऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. बुडबुडे थांबल्यावर गाळलेल्या द्रावात बेरिअम क्लोराइड घालून पांढरा साका आला, तर सल्फेट आहे, आणि तिथे पापुद्र्याच्या रंगाचा विचार सोडलेला बरा. (बेरिअमचे क्षार विषारी आहेत, ही परीक्षा शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी.) आणखी एक सोपा प्रयोग: भिंतीवर हातभर चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर भिंत अजून वाळलेली नाही. हा प्रयोग ऑक्टोबरात करावा आणि मग जानेवारीत. दोन्ही वेळा थेंब दिसले, तर पाणी पावसाचे नव्हे, जमिनीतून किंवा गळक्या नळातून येत आहे. त्याचा बंदोबस्त जोत्यापाशी किंवा नळापाशीच करायला हवा.

पुष्कळदा असे आढळते, की वीट ठणठणीत असते आणि पाणी शिरते ते सांध्यांतून. गवंडी ज्यांना दरजा म्हणतात, त्या पुन्हा भरून घेतल्या, छज्जा वीतभर पुढे काढला, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेले, की रंगाचे काम निम्म्या खर्चात होते. केरळात लॉरी बेकर यांनी भरपूर पावसाच्या प्रदेशात उघड्या विटेच्या कितीतरी इमारती बांधल्या. थिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. त्यांच्या घरांची छपरे भिंतीच्या बरीच पुढे आलेली दिसतात. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतले लुई कान यांचे विटेचे ग्रंथालय खराब झाले, तेव्हा ते रंगाखाली न झाकता दुरुस्त करण्यात आले, आणि त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला.

जुन्या वाड्यांच्या चपट्या, मऊ विटांच्या दरजा भरताना मात्र सिमेंट वापरू नये. सिमेंटची दरज विटेपेक्षा कठीण आणि घट्ट असते. पाण्याला तिच्यातून वाट मिळत नाही, म्हणून सगळी वाफ आणि सगळे क्षार विटेतूनच बाहेर पडतात आणि काही वर्षांनी जाळीसारख्या उभ्या राहिलेल्या दरजा आणि मध्ये खोल झिजलेल्या विटा असे चित्र दिसते. तिथे चुना-वाळूचाच माल घ्यावा, आणि तो पुरता वाळल्यावर, म्हणजे निदान एक उन्हाळा गेल्यावर, सफेदीचे काय ते ठरवावे.