रील व्हायरल, बिल थकीत

फ्रीलान्स व्हिडिओग्राफी आणि कंटेंट क्रिएशन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅमेऱ्यावर पोट भरणं पुण्याला नवं नाही. ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. बदललं आहे ते गिऱ्हाईक. आज व्हिडिओ हवा असतो लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाला, सदाशिव पेठेतल्या क्लासला, बाणेरच्या डेंटिस्टला आणि वाकडच्या बिल्डरला. ‘आठवड्याला तीन रील द्या’ ही मागणी सगळ्यांची सारखीच. थोडक्यात, काम आहे. तरीही या धंद्यात उतरलेली बरीच मुलं दोन-तीन वर्षांत नोकरीकडे वळतात. त्यांचं कौशल्य सहसा कमी पडत नाही. नडतात त्या धंद्याबद्दलच्या चुकीच्या समजुती.

गैरसमज : महागडा कॅमेरा घेतला की कामं आपोआप येतात.

वस्तुस्थिती : रील बघितली जाते ती हातातल्या फोनवर, उभ्या चौकटीत आणि बऱ्याचदा धावत्या बसमध्ये. तिथे चार लाखांची लेन्स ओळखू येत नाही. खराब आवाज मात्र पहिल्या तीन सेकंदांत कळतो. त्यामुळे पहिले पैसे कॉलर माइक, एक बरा लाइट आणि दोन हार्ड डिस्क यांवर घालावेत. १०० एमबीपीएसने ४के चित्रण केलं तर तासाला साधारण ४५ जीबी जागा जाते. एका लग्नाचं फुटेज किती होईल, याचा हिशोब यावरून करता येतो. मोठा कॅमेरा लागेल तेव्हा भाड्याने मिळतो आणि ते भाडं क्लायंटच्या कोटेशनमध्ये धरायचं असतं.

कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा तो कसा वापरायचा याला जास्त मोल आहे. एक साधं उदाहरण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. मंगल कार्यालयातल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी पॅनलखाली शटर १/६० वर ठेवून शूट केलं, तर नवरीच्या चेहऱ्यावरून काळसर पट्टे सरकताना दिसतात आणि ते एडिटमध्ये धड निघत नाहीत. २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं, तर बहुतेक वेळा ही कटकट होतच नाही. तीच गोष्ट मेमरी कार्डची. अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात, तो क्षण पुन्हा घेता येत नाही. म्हणून लग्नाला एकाच वेळी दोन कार्डांवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा न्यावा, मग तो जुन्या मॉडेलचा असला तरी चालेल.

गैरसमज : एक तर फिल्म इन्स्टिट्यूटची पदवी हवी, नाहीतर यूट्यूब बघून सगळं येतं.

वस्तुस्थिती : ही दोन्ही टोकं चूक. ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी दामले आणि फत्तेलाल कोल्हापुरात चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली काम करत तयार झाले. त्यांच्याकडे पदवी नव्हती, उमेदवारी मात्र भरपूर होती. त्यांनीच दिग्दर्शित केलेला १९३६ चा ‘संत तुकाराम’ पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. आजही हा हिशोब बदललेला नाही. एखाद्या जाणत्या व्हिडिओग्राफरकडे एक लग्नसराई सेकंड शूटर म्हणून काढली, की गर्दीत जागा कशी धरायची, भटजींशी आधी काय बोलून घ्यायचं, आत्याबाईंचा रुसवा कसा टाळायचा, हे सगळं कळतं. ट्यूटोरियलमध्ये ते नसतं. ज्यांना पाया पक्का करायचा आहे त्यांच्यासाठी फिल्म इन्स्टिट्यूट थोड्या मुदतीचे अभ्यासक्रमही चालवते. क्लायंट मात्र प्रमाणपत्र मागत नाही. ‘आधीचं काम दाखवा’ एवढंच म्हणतो.

गैरसमज : व्ह्यूज वाढले की पैसे येतात.

वस्तुस्थिती : यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर, आणि त्यांच्या जोडीला वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरात उत्पन्नातला ५५ टक्के आणि शॉर्ट्समध्ये क्रिएटरच्या वाट्याला आलेल्या रकमेतला ४५ टक्के हिस्सा मिळतो. रीलच्या व्ह्यूजवर इन्स्टाग्राम असा नियमित वाटा सगळ्यांना देत नाही. तिथला पैसा मुख्यतः ब्रँडकडून येतो.

मुळात स्वतःचं चॅनल चालवणं आणि दुसऱ्यासाठी व्हिडिओ करून देणं हे दोन वेगळे धंदे आहेत. दुसऱ्या धंद्यात तुमचे फॉलोअर तीनशे असले तरी काही बिघडत नाही. दर महिन्याला ठरलेले बारा व्हिडिओ वेळेवर घेणारे चार क्लायंट असले, की घर चालतं. व्हायरल रीलमुळे फार तर चौकशीचे फोन वाढतात.

प्लॅटफॉर्मच्या भरवशाबद्दल २९ जून २०२० ची तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशी टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी आली आणि लाखांत फॉलोअर असलेल्यांचा गल्ला एका रात्रीत रिकामा झाला. ज्यांच्याकडे क्लायंटचे फोन नंबर होते, त्यांचं काम रील्स आणि शॉर्ट्सवर सुरू राहिलं.

गैरसमज : मराठीत पैसा नाही, कंटेंट हिंदी-इंग्रजीतच करावा.

वस्तुस्थिती : मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली. पुढे त्या पुण्यात आल्या, मराठी चॅनल काढलं आणि त्याचे सबस्क्रायबर लाखांवर गेले. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या नावाचे मसालेही बाजारात आणले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनलने शहरी मराठी प्रेक्षक इंटरनेटवर आहे आणि ब्रँड त्याच्यासाठी पैसे मोजतात, हे दाखवून दिलं. स्थानिक क्लायंटचं गणित तर आणखी सरळ आहे. कोथरूडच्या दंतवैद्याला पेशंट कोथरूडचाच हवा असतो. त्याला दिल्लीतल्या दहा लाख व्ह्यूजचा काय उपयोग?

गैरसमज : सुरुवातीला फुकट किंवा स्वस्तात करावं, रेट नंतर वाढवता येतो.

वस्तुस्थिती : स्वस्तात आलेला क्लायंट रेट वाढवला की निघून जातो आणि त्याने पाठवलेली ओळखही स्वस्तातलीच असते. रेट ठरवायचा तो आपल्या खर्चावरून, शेजाऱ्याच्या रेटवरून नाही. समजा, घरखर्च आणि भाडं ३५,००० रुपये. तीन लाखांचं सामान चार वर्षं चाललं, तर महिन्याला ६,२५० रुपये त्याचेच होतात. सॉफ्टवेअर, इंटरनेट, पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती मिळून ८,७५० रुपये. एकूण ५०,०००.

आता दिवस मोजू. महिन्यातले २५ दिवस काम केलं, तरी मीटिंग, कोटेशन आणि पैशांचा तगादा यात सात दिवस सहज जातात. उरले अठरा. एका दिवसाच्या शूटमागे दोन दिवसांचं एडिट धरलं, तर महिन्याला सहाच शूट बसतात. म्हणजे एका शूटमागे साधारण ८,३०० रुपये आले, तर महिना ना नफा ना तोटा. यात बचत नाही, कर नाही, रिकामा महिनाही नाही. हा हिशोब मांडल्यावर तीन हजारांत शूट आणि एडिट दोन्ही देणारा माणूस खरं तर पदरचे पैसे घालतोय, हे दिसतं.

नमुन्यासाठी काम हवंच असेल, तर एखाद्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाचं किंवा एकांकिकेच्या तालमीचं चित्रण स्वतःच्या हौसेने करावं. पुण्यात दोन्हींना तोटा नाही. मात्र जो माणूस तुमच्या व्हिडिओवर माल विकणार आहे, त्याला फुकट देऊ नये.

गैरसमज : ओळखीतलं काम आहे, लिहून कशाला घ्यायचं?

वस्तुस्थिती : भांडणं होतात ती ओळखीतच. एक पान पुरतं. किती व्हिडिओ, किती मिनिटांचे, कधी द्यायचे, करेक्शन किती वेळा, अॅडव्हान्स किती, उरलेली रक्कम केव्हा. ‘दोन वेळा करेक्शन, पुढे प्रत्येक वेळी वेगळा आकार’ ही ओळ नसेल, तर ‘फायनल’ नावाची फाइल ‘फायनल-७’ होईपर्यंत सुटका नाही.

मालकीबद्दलचा समज तर हमखास चुकीचा असतो. ‘शूट मी केलं, म्हणजे फुटेज माझं’ असं कायदा म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन कुणी फिल्म करून घेतली, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी करून घेणाऱ्याची असते. रॉ फुटेज द्यायचं का, आणि ते काम आपल्या पेजवर नमुना म्हणून दाखवता येईल का, हे म्हणूनच आधी लिहून घ्यायचं.

थकलेल्या बिलांवर एक सरकारी इलाज आहे, आणि तो फार थोडे फ्रीलान्सर वापरतात. ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. ती असली की २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटून वर्षअखेरपर्यंत बिल थकवणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी करवजावटीत धरता येत नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला दिसला, की अकाउंट्सवाल्यांचं लक्ष जातंच.

गैरसमज : टीडीएस कापला म्हणजे पैसे गेले आणि फुकट मिळालेल्या वस्तूवर कर नसतो.

वस्तुस्थिती : टीडीएस हा तुमच्या नावावर आगाऊ भरलेला कर असतो. विवरणपत्र भरलं की तो हिशोबात धरला जातो आणि जास्त कापला असेल तर परत मिळतो. विवरणपत्र न भरणाऱ्याचे पैसे मात्र तिथेच अडकतात. सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की करावी लागते. ब्रँडने दिलेला फोन ठेवून घेतला, तर ते उत्पन्नच. एका देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांवर असा लाभ मिळाला, तर १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस आहे. वस्तू वापरून परत केली, तर हा प्रश्न येत नाही.

गैरसमज : सार्वजनिक जागा आहे, परवानगी कसली? आणि क्रेडिट दिलं की गाणं वापरता येतं.

वस्तुस्थिती : शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिथे जाहिरातीचं शूट करायचं, तर आधी परवानगी काढावी लागते. ड्रोनबाबत तर पुण्यात दुप्पट सावध राहावं. लोहगावला विमानतळ आणि हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए). त्यामुळे उडवण्याआधी सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशा बघायलाच हवा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमवरचा ड्रोन व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. लग्नाचं शूट हा व्यवसायच आहे.

गाण्याखाली गायकाचं नाव लिहिलं म्हणून परवाना मिळत नाही. रीलमध्ये वैयक्तिक खात्याला सापडणारं गाणं दुकानाच्या जाहिरातीला चालेलच असं नाही. व्यावसायिक कामाला परवाना घेतलेलं किंवा त्यासाठीच खुलं ठेवलेलं संगीत वापरावं. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर ‘जाहिरात’ किंवा ‘सहयोग’ असं स्पष्ट लिहिणं जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या स्वनियमन संस्थेने जून २०२१ पासून बंधनकारक केलं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचंही मार्गदर्शन आलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

गैरसमज : फ्रीलान्स म्हणजे मनाला येईल तेव्हा काम.

वस्तुस्थिती : या धंद्याचं वेळापत्रक पंचांग ठरवतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, पौषात ओसरते, मग उन्हाळ्यापर्यंत धावपळ. मे-जूनमध्ये क्लासवाल्यांना प्रवेशाच्या जाहिराती हव्या असतात. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, ती उणीव गणपतीतली कामं थोडीफार भरून काढतात. पितृपंधरवड्यात दुकानं शांत असतात, तेव्हा दिवाळीच्या जाहिराती शूट करून घ्याव्यात. लग्नसराईत आलेले पैसे श्रावणापर्यंत पुरवायला शिकला, तोच टिकतो.

या धंद्यात कलेला मान आहे, पण घर चालतं ते शब्दाला जागण्यावर आणि कागद चोख ठेवण्यावर. तेव्हा पहिलं काम हाती घेण्याआधी तीन गोष्टी करा. उद्यम नोंदणी करून घ्या, एक पानी कराराचा नमुना तयार ठेवा आणि आपला रेट स्वतःच्या खर्चावरून कागदावर मांडा. कॅमेरा त्यानंतर घ्या. तोवर भाड्याचा चालतो.