सफाई कामगार आणि धोक्याची घाण

केर काढणे, शौचालये धुणे, गटारे मोकळी ठेवणे ही कामे ज्याच्याकडे सोपविलेली आहेत त्याने समोर जे जे पडलेले दिसेल ते ते उचलावे, असा एक सार्वत्रिक समज आहे. नेमणुकीच्या आदेशात बहुधा 'साफसफाई' एवढा एकच शब्द असतो. त्या एका शब्दात शाळेच्या अंगणातील पालापाचोळा येतो, बाजाराच्या दिवशीचा भाजीचा कचरा येतो, आणि आरोग्य केंद्राच्या मोरीत सांडलेले रक्त, प्रयोगशाळेत फुटलेली आम्लाची बाटली, वर्षानुवर्षे न उघडलेली मैल्याची टाकी हेही सारे त्यातच गृहीत धरले जाते. वस्तुतः या दोन प्रकारच्या घाणींत मूलभूत फरक आहे. पहिली किळस आणते. दुसरी प्राण घेऊ शकते. पहिली दूर करण्यास झाडू, पाणी व श्रम पुरेसे असतात. दुसरीसाठी ज्ञान, साधने व देखरेख यांची आवश्यकता असते, आणि ही तिन्ही पुरविणे कामगाराच्या हाती नसून त्यास कामावर लावणाऱ्याच्या हाती असते.

म्हणूनच 'अशी घाण सफाई कामगाराने काढावी काय?' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणी तरी ती काढलीच पाहिजे, हे उघड आहे. परंतु ज्यास धोक्याची कल्पना दिलेली नाही, ज्याच्या हातात साधा रबरी हातमोजाही नाही, त्याच्यावर ते काम केवळ तो 'सफाईवाला' आहे म्हणून टाकणे न्यायाचे नाही, आणि अनेक बाबतींत आता कायद्याचेही नाही.

जुन्या समजुतीचे मूळ

या समजुतीचे मूळ जातिव्यवस्थेत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. घाण काढणे हा विशिष्ट जातींत जन्मलेल्यांचा धर्म मानला गेला, आणि धर्म म्हटला की त्यातील धोक्याचा हिशेब कोणी मागत नाही. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपणास भंगीकाम करू द्यावे अशी मागणी केली. वरिष्ठ जातीच्या कैद्यास ते काम देता येत नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी उपोषण आरंभिले व त्यांच्या पाठिंब्यासाठी त्याच वर्षी डिसेंबरात महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले. काम मिळावे म्हणून नव्हे, तर घाणीचे काम कोणाचे हा प्रश्न जगासमोर यावा म्हणून तो आग्रह होता. पुढे 1949 मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या राहणीची व कामाच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. त्यानंतरच्या काळात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीत घेण्याची तरतूद राज्यात झाली. त्यामुळे अनेक कुटुंबांच्या चुली पेटत्या राहिल्या हे खरे. मात्र झाडू बापाकडून मुलाकडे जातो तेव्हा 'हे काम तुम्हां लोकांचेच' ही समजूतही त्याच्याबरोबर जाते, हेही तितकेच खरे आहे.

टाकीतील मृत्यू

धोक्याच्या घाणीत सर्वांत भीषण धोका मैल्याच्या बंद टाकीचा व गटाराच्या मनुष्यविवराचा होय. हा मृत्यू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची प्रक्रिया नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हवा न मिळता मैला कुजतो तेव्हा त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे वायू निर्माण होतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अत्यल्प प्रमाणातही तो वास जाणवतो, त्यामुळे 'वास आला तर बाहेर येऊ' असे कामगारास वाटते. पण घात येथेच होतो. दहा लाख भाग हवेत या वायूचे सुमारे शंभर भाग झाले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास येईनासा होतो आणि वायू निघून गेला असा भास होतो. त्याचे प्रमाण आणखी काही पटींनी वाढले की माणूस काही श्वासांतच बेशुद्ध पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. झाकण काही वेळ उघडे ठेवले की काम झाले, ही समजूत त्यामुळे फसवी ठरते. शिवाय शांत पडलेला गाळ फावड्याने ढवळला जाताच त्यात अडकलेला वायू एकाएकी मोकळा होतो. त्यामुळे उतरताना सुरक्षित वाटलेली टाकी पाच मिनिटांत प्राणघातक होऊ शकते.

विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची पद्धत ग्रामीण भागात सर्वांस ठाऊक आहे. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे, एवढे त्यावरून कळते. परंतु विषारी वायूचा पत्ता कंदील देत नाही. मैल्याच्या टाकीत तर कंदील सोडणे हेच संकट आहे, कारण हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळला की ते मिश्रण ठिणगी पडताच स्फोट पावते.

अशा दुर्घटनांत बहुधा एकच माणूस मरत नाही. पहिला कोसळलेला पाहून दुसरा त्यास काढण्यासाठी उतरतो. तो भाऊ असतो, मुलगा असतो, कधी घरमालकही असतो. दुसऱ्यामागे तिसरा उतरतो. टाकीतील हवा मात्र तीच असते. म्हणून कोसळलेल्या माणसामागे कोणीही उतरू नये, अग्निशमन दलास तत्काळ बोलवावे, आणि उतरणाऱ्याच्या अंगास पट्टा व दोर आधीच बांधलेला असावा, म्हणजे त्यास वरूनच ओढून घेता येईल. दोर बांधण्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे न दिल्यामुळे कुटुंबेच्या कुटुंबे उघडी पडली आहेत.

कायदा काय म्हणतो

6 डिसेंबर 2013 पासून अमलात आलेल्या, हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्याने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. संरक्षक साधने न देता व सुरक्षेची काळजी न घेता गटारात वा मैल्याच्या टाकीत माणूस उतरविणे म्हणजे 'धोकादायक सफाई', अशी व्याख्या त्यात केलेली आहे. या कामासाठी कोणासही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे नेमता येत नाही. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा. पुन्हा अपराध केल्यास पाच वर्षे व पाच लाख रुपये ही मर्यादा आहे. अपराध दखलपात्र व अजामीनपात्र आहे. पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावे असे की, कायद्यातील 'स्थानिक प्राधिकरण' या संज्ञेत पंचायतही येते, आणि टाक्यांच्या सफाईसाठी यंत्रांचा वापर करणे हे त्या प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

'अप्रत्यक्षपणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. ठेकेदाराने माणूस आणला, पंचायतीने केवळ रक्कम दिली, असे म्हणून मोकळे होता येत नाही. 'तो आपण होऊन उतरला, त्याने पैसे ठरवूनच काम घेतले' हा बचावही कायद्याने मान्य केलेला नाही. ज्याच्या घरी संध्याकाळच्या पिठाची भ्रांत आहे त्याचा होकार हा खरा होकार नव्हे, हे ओळखण्याइतका हा कायदा व्यवहारी आहे.

यंत्राने होणे अशक्यच असलेल्या अपवादात्मक कामांसाठी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कारणे नमूद करून लेखी परवानगी दिली तरच, संपूर्ण साधनांसह, माणूस उतरविता येतो. आतील हवेची वायुमापकाने तपासणी व्हावी, आणि कामाच्या जागी सर्व वेळ किमान तीन कर्मचारी हजर असून त्यांपैकी एक पर्यवेक्षक असावा, असे नियम सांगतात. तोंडी हुकमावर टाकी साफ करून घेण्याच्या रिवाजास या लेखी परवानगीमुळे आळा बसतो, कारण कागदावर सही करणारा दोनदा विचार करतो.

सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 च्या निकालात, 1993 पासून अशा कामात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांस प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ही रक्कम तीस लाख करण्यात आली व कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख रुपये द्यावेत असे ठरविण्यात आले. मैला उपसणाऱ्या गाडीचे भाडे परवडत नाही असे सांगणाऱ्यांनी हे आकडे शेजारी मांडून पाहावेत.

टाकीच नको, हा याहून चांगला उपाय आहे. ग्रामीण घरांसाठी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय याच हेतूने सुचविले जाते. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिला बंद राहून वर्ष-दीड वर्षात त्यातील मैल्याचे निर्गंध खत होते व ते कोणासही उचलता येते. परंतु खड्डा वारंवार भरेल या भीतीने पुष्कळजण एकच खोल, पक्क्या भिंतींची टाकी बांधतात. आज बांधलेली अशी प्रत्येक टाकी म्हणजे उद्या तीत कोणास तरी उतरविण्याचा प्रसंग होय.

सुई, रक्त आणि काच

दवाखान्यातील धोका लहान दिसतो. वापरलेली सुई केराच्या साध्या पिशवीत टाकली जाते आणि पिशवी उचलणाऱ्याच्या बोटात शिरते. ती टाकणारा सुशिक्षित असतो, टोचून घेणारा बहुधा नसतो. अशा सुईवाटे कावीळ 'ब', कावीळ 'क' व एच.आय.व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो. त्यांत कावीळ 'ब'चा धोका सर्वांत अधिक असून तिच्यावर प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम 1998 साली झाले. 2016 च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या सर्वांना कावीळ 'ब' व धनुर्वाताची लस देणे, प्रशिक्षण देणे व वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे ही संस्थेची जबाबदारी ठरविली. सुया व पाती पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत. काच निळ्या खोक्यात. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, अशी विभागणी त्यांत आहे. ही विभागणी कचरा निर्माण होतो तेथेच, म्हणजे डॉक्टर व परिचारिकेच्या हातूनच व्हावयाची असते. नंतर सफाई कामगाराने ढिगातून सुया वेचाव्यात, असे नियमांत कोठेही नाही. लसीकरण शिबिरे व शाळांतील प्रथमोपचार कक्ष यांनाही हे नियम लागू करण्यात आले, हे शिक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये. त्याच वेळी वरिष्ठांस कळवावे, कारण एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषध जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू होईल तितके बरे. बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग होत नाही. 'साहेब रागावतील' म्हणून मुकाट्याने काम करीत राहणारा कामगार हे तास गमावून बसतो.

मधुमेहाच्या रुग्णाने घरी वापरलेल्या सुया, कीटकनाशकांचे रिकामे डबे, फुटलेल्या नळीदिव्यांच्या काचा घंटागाडीवर येतात. त्याही वेगळ्या करून, झाकणाच्या जाड डब्यात घालून द्यावयाच्या असतात.

शाळेतील दोन गोष्टी

शाळेतील शौचालय धुताना डाग जावेत म्हणून आम्ल आणि दुर्गंधी जावी म्हणून विरंजक चूर्ण, ज्यास खेड्यात टीसीएल म्हणतात, ही दोन्ही एकाच वेळी टाकण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. दोहोंच्या संयोगाने क्लोरिन वायू सुटतो. लहानशा बंद शौचालयात तो फुप्फुसांस गंभीर इजा करतो. हे रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिले जाते, पण बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईंना कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट पाऱ्याची. प्रयोगशाळेतील तापमापक फुटला की शिपायास हाक जाते व तो झाडूने गोळ्या लोटू लागतो. झाडूने पारा अधिक बारीक होऊन फटींत शिरतो व त्याची विषारी वाफ खोलीत रेंगाळत राहते. खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढावे, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी गोळ्या एकत्र आणून त्या पाणी घातलेल्या घट्ट बाटलीत भराव्यात. हे काम विज्ञान शिक्षकाचे आहे, कारण त्या खोलीत पाऱ्याचे गुणधर्म जाणणारा तोच असतो.

ग्रामसभेच्या एखाद्या बैठकीत या विषयासाठी अर्धा तास काढता येईल. गावात मैल्याच्या टाक्या किती, शेवटचा उपसा केव्हा झाला व तो कोणी केला, उपसा गाडी कोणत्या नगरपरिषदेकडून वा खाजगी धारकाकडून मिळते व तिचे भाडे काय, याची नोंद ग्रामसेवकाने ठेवावी आणि गाडीचा दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर लिहावा. सफाई कामगाराच्या नेमणूक आदेशात त्याची कामे नेमकी लिहून, टाकीत उतरणे हे त्याचे काम नाही हे वाक्यही घालावे, आणि त्या आदेशाची एक प्रत वाचून दाखवून त्याच्या हाती द्यावी.