कुणी सांगितलं होतं सुरू करायला?

तुमसरहून सिहोऱ्यावरून बपेऱ्याला जाणारा रस्ता पुढे मध्य प्रदेशात शिरतो. भंडारा जिल्ह्याचं हे टोक. आजूबाजूला धानाच्या बांध्या, आणि मोठी खरेदी करायची म्हणजे तुमसर. अशा गावातही आता जन्माचा दाखला, घरपट्टीची पावती, सातबारा हे सगळं कॉम्प्युटरमधून निघतं. केंद्र सरकारनं २०११ मध्ये मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ नावानं ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठीच होती. महाराष्ट्रात तिच्या जोडीला ‘महानेट’ आलं. फायबर कुठे चालू असतं, कुठे तुटलेलं असतं. तुटलं की संगणक परिचालक मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो आणि काम उरकतो. काहीही असलं तरी पंचायतीतला कॉम्प्युटर जगाला जोडलेला असतो, आणि हा लेख त्या जोडणीच्या एका कोपऱ्याबद्दल आहे.

असा कॉम्प्युटर येतो कसा ते पाहा. खोकं उघडलं जातं. तालुक्याहून आलेला पोरगा पेनड्राइव्ह लावून विंडोज टाकतो, मराठी टायपिंग टाकतो, प्रिंटर जोडतो, पुन्हा यायला लागू नये म्हणून दुरून स्क्रीन चालवायचं एखादं सॉफ्टवेअर टाकतो, चहा घेतो आणि जातो. या तासा-दीड तासात विंडोजनं स्वतःहून काय काय सुरू केलं, हे त्या पोराला कुणी विचारत नाही आणि त्यानंही ते पाहिलेलं नसतं.

पाहायचं असेल तर अवघड नाही. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची, ‘नेटस्टॅट’ लिहायचं, जागा सोडून ‘-एएनओ’ हा पर्याय इंग्रजी अक्षरांत द्यायचा आणि एंटर मारायचं. रकान्यांची एक यादी धावत खाली येते. एखाद्या ओळीत ०.०.०.०:१३५ आणि पुढे ‘लिसनिंग’. दुसरीत ०.०.०.०:४४५, पुढे पुन्हा ‘लिसनिंग’. कुठे १२७.०.०.१ असंही दिसेल. पत्त्यातला अपूर्णविरामानंतरचा आकडा पोर्टचा. एका पत्त्यावर टीसीपीची ६५,५३५ पोर्ट वापरता येतात, आणि ज्या पोर्टपुढे ‘लिसनिंग’ लिहिलंय तिथे एखादा प्रोग्रॅम बाहेरून कुणी काही मागतं का याची वाट पाहत बसलेला असतो. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त याच मशीनचं ऐकतो, त्याची चिंता नको. चार शून्यं असतील तर तो नेटवर्कवरच्या कुणाचंही ऐकायला तयार आहे. मध्ये फायरवॉल अडवत असेल तर अडवेल, पण प्रोग्रॅम तयारीत आहे. ४४५ वर बसलेली सेवा फाइल आणि प्रिंटर शेअर करण्याची. हे शेअरिंग ज्या एसएमबी नावाच्या पद्धतीनं चालतं, ते नाव पुढे पुन्हा येईल.

वाद जुना आहे आणि साधा आहे: ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाकल्यावर अशा सेवा आपोआप सुरू असाव्यात की बंद? भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावांना तुडूम, म्हणजे पाणी सोडायची वाट, असतं. शेताला पाणी हवं झालं की ते उघडतात, काम झालं की बंद करतात. तलाव बांधून झाल्याच्या आनंदात कुणी ते उघडं टाकून घरी जात नाही. कॉम्प्युटरच्या जगानं मात्र जवळजवळ पंधरा वर्षं नेमकं तेच केलं.

पहिला फटका २ नोव्हेंबर १९८८ ला बसला. रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यानं सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवर पसरला. तेव्हा इंटरनेटवर ६०,००० च्या आसपास मशीन होत्या, त्यातल्या सुमारे ६,००० बाधित झाल्या असा अंदाज सांगितला जातो. तो शिरला त्यातली एक वाट होती ‘सेंडमेल’ या टपाल प्रोग्रॅममधली ‘डीबग’ सोय. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या तपासणीसाठी होती, पण अनेक ठिकाणी चालू अवस्थेतच पाठवली गेली होती. दुसरी वाट ‘फिंगर’ नावाच्या सेवेतली. ती कोण लॉगिन आहे एवढंच सांगायची. बहुतेक जागी ती कुणाला नको होती, पण चालू होती.

यातून उद्योगानं काही शिकायला हवं होतं. शिकला नाही. जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ आला आणि १९ तारखेला चौदा तासांच्या आत त्यानं ३,५९,००० मशीन पकडल्या. त्याचं लक्ष्य मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर होता. विंडोज २००० ची सर्व्हर आवृत्ती टाकली की हा वेब सर्व्हर आपोआप बसायचा आणि चालू व्हायचा. दुरुस्ती महिनाभर आधीच आली होती. पण आपल्याकडे वेब सर्व्हर आहे हेच ज्याला माहीत नाही, तो त्याची दुरुस्ती कशाला शोधेल? लिनक्सवाल्यांनी फार हसू नये. त्याच वर्षी जानेवारीत ‘रामेन’ नावाचा वर्म रेड हॅट लिनक्सच्या ताज्या इन्स्टॉलमधल्या अशाच आयत्या चालू सेवांतून पसरला होता.

२५ जानेवारी २००३ चा ‘स्लॅमर’ तर केवळ ३७६ बाइटचा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत तो दहा मिनिटांत जगभर पोचला. त्यातली खरी गोम अशी की, डेटाबेसच्या ज्या इंजिनमधून तो शिरला ते कित्येकांनी कधी मागितलंच नव्हतं, दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटातून ते येऊन बसलं होतं.

मग ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’, पोर्ट १३५ वरून. पुढच्या वर्षी सॅन्स संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरनं असा हिशोब मांडला की, दुरुस्त्या न घातलेलं विंडोज थेट इंटरनेटला जोडलं तर ते सरासरी वीस मिनिटांत बाधित होतं. त्या काळच्या डायल-अपवर दुरुस्त्या उतरवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागायचा. म्हणजे औषध आणायला निघालेला माणूस वाटेतच आजारी पडणार. हा पेच वापरणाऱ्यानं कितीही शहाणपणा केला तरी सुटणारा नव्हता. तो पेटीत कॉम्प्युटर भरणाऱ्यालाच सोडवायचा होता.

तो सोडवला गेला ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नं. एक्सपीत फायरवॉल पहिल्यापासून होतीच, फक्त बंद होती. ती डिफॉल्टनं चालू केली. यात नवं तंत्रज्ञान फारसं नव्हतं, एका खुणेची जागा बदलली, आणि सुरक्षेच्या इतिहासात त्या एका खुणेएवढं काम फार थोड्या शोधांनी केलं असेल असं माझं मत आहे.

याच्या कितीतरी आधी, १९९५ मध्ये, कॅनडात राहणाऱ्या थिओ द राट यांनी ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली होती. ‘मागितल्याशिवाय काही चालू नाही’ हा तिचा बाणा. डिफॉल्ट इन्स्टॉलमध्ये इतक्या वर्षांत बाहेरून शिरता येणारी फक्त दोन भोकं सापडली, असं ते आपल्या वेबसाइटच्या मुखपृष्ठावर मिरवतात. टीकाकार म्हणतात, काहीच चालू नसेल तर भोकं सापडतील कुठे? टीका बरोबर आहे. पण त्यांनी तेच तर सिद्ध करायला घेतलं होतं.

आता महाराष्ट्रात येऊ. २७ जून २०१७. न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’चं काम ठप्प झालं. हे टर्मिनल मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स चालवते, आणि त्या दिवशी मर्स्कचं जगभरचं जाळं ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमनं आडवं केलं होतं. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय आणि कोणत्या जहाजावर चढायचाय हे कॉम्प्युटरला माहीत, आणि कॉम्प्युटर उठेना. कामगारांना हातानं नोंदी करून माल हलवावा लागला. मर्स्कनं नंतर सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्यानं उभे करावे लागले, आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

नॉटपेट्या युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत आला. आत आल्यावर पसरला त्याच ४४५ वरून. एसएमबीच्या पहिल्या, १९८० च्या दशकातल्या आवृत्तीतली एक चूक त्यानं वापरली. त्याच्या दीड महिना आधी ‘वॉनाक्राय’ या वर्मनंही तीच वापरली होती. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. पण नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डांवरही फिरत होता, त्यामुळे दुरुस्ती घातलेल्या मशीनही पडल्या. म्हणून सगळं खापर डिफॉल्टवर फोडणं बरोबर नाही. तरीही प्रश्न राहतोच: तीस वर्षं जुनी, नव्या आवृत्त्या आल्यामुळे बहुतेकांना नको असलेली पद्धत २०१७ मध्ये प्रत्येक नव्या विंडोजवर का जागी होती? उत्तर असं की, कुठेतरी कुणाचं तरी जुनं यंत्र तिच्यावर चालत असेल, म्हणून.

त्याच वर्षी जुलैत बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम बंद पडले. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हा पासवर्ड तसाच होता आणि दुरून देखभाल करायची वाट बाहेरच्यांनाही उघडी होती. ग्राहकांना पासवर्ड बदला असं आवाहन केलं गेलं. सल्ला चुकीचा नव्हता, पण मोडेमलाही पासवर्ड असतो हे किती घरांत माहीत होतं?

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती मूर्ख नाही. पंचायतीत दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून दाखला छापता आला पाहिजे. शेअरिंग बंद असेल तर ग्रामसेवक तुमसरला फोन करणार, तो पोरगा दोन दिवसांनी येणार आणि वैतागून फायरवॉलच बंद करून जाणार. बंद डिफॉल्ट त्रासदायक झालं की लोक एक पोर्ट उघडत नाहीत, सगळं उघडतात. सर्व्हरवाल्यांचं दुखणं वेगळं. दूरच्या मशीनला स्क्रीनच नसेल तर दुरून लॉगिन करायची एसएसएच सेवा पहिल्या दिवसापासून चालू हवी, नाहीतर आत जायचं कसं?

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या बाबतीत हा पेच फार सुरेख दिसतो. अभियांत्रिकीच्या पोरांच्या प्रोजेक्टांत तो हमखास असतो. पूर्वी त्यावर एसएसएच चालू यायची, आणि वापरकर्ता ‘पाय’, पासवर्ड ‘रास्पबेरी’ हे जगजाहीर. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमनं अशाच जगजाहीर पासवर्डांच्या जोरावर कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट आडव्या केल्या. पुढच्याच महिन्यात रास्पबेरी पायनं एसएसएच बंद करून पाठवायला सुरुवात केली. ज्याला हवी त्यानं मेमरी कार्डवर ‘एसएसएच’ नावाची रिकामी फाइल ठेवायची, बस. आणि २०२२ मध्ये तो ठरलेला वापरकर्ताही गेला. ज्याला सेवा खरोखर हवी त्याला अर्ध्या मिनिटाचं काम, आणि ज्याला नको त्याला काहीच नाही. या वादात मी कुणाकडे हे विचाराल तर या रिकाम्या फाइलच्या बाजूनं.

लिनक्सच्या दोन मोठ्या घराण्यांत मात्र आजही एकमत नाही. डेबियनवर एखादा सर्व्हर इन्स्टॉल केला की तो लगेच चालू होतो. टाकलाय म्हणजे हवा असणार, हा तर्क. फेडोरावर तो नुसता येऊन पडतो, चालू करायची आज्ञा वेगळी द्यावी लागते. आपल्या सी-डॅकनं बनवलेली बॉस लिनक्स डेबियनच्याच पायावर उभी आहे. मला फेडोराची रीत पटते, कारण एका पॅकेजबरोबर न मागितलेली चार येतात, हे स्लॅमरनं दाखवूनच दिलंय. पुरावा अगदी ताजाही आहे: सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्सच्या छपाई व्यवस्थेत एक गंभीर भोक उघडकीला आलं. आजूबाजूचे प्रिंटर शोधून देणारी एक सेवा अनेक डेस्कटॉपवर पोर्ट ६३१ वर कुणाचंही ऐकत बसली होती. म्हणजे पुन्हा प्रिंटरच!

‘मग वापरणाऱ्यालाच विचारा’ हा उपाय वाटतो तेवढा कामाचा नाही. विंडोज १० नव्या नेटवर्कला जोडताना विचारतं की या नेटवर्कवरच्या इतरांना तुमचा पीसी दिसू द्यायचा का. समोर दाखल्यासाठी रांग लागली असताना परिचालक ‘येस’ दाबतो. एमएस-सीआयटीत त्यानं वर्ड शिकलेलं असतं, एक्सेल शिकलेलं असतं. या प्रश्नाचा अर्थ लावायला त्याला कुणी बसवलेलं नसतं. आणि त्याच्या ‘येस’नं काही बिघडलं तर निस्तरायचं त्यालाच.

आजवर एक आडोसा नकळत मिळत होता. मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्या पत्ते कमी पडतात म्हणून अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात, त्यामुळे बाहेरच्याला थेट तुमच्या मशीनपर्यंत पोचता येत नाही. पण आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो, आणि आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. कंपनी किंवा राउटर गाळत असेल तोवर ठीक. ‘आपण आत आहोत’ हे गृहीत धरून उघड्या ठेवलेल्या सेवांचा हिशोब आता नव्यानं करावा लागेल.

एसएमबीच्या त्या जुन्या आवृत्तीचं पुढे काय झालं, तर मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०१७ पासून तिचा ऐकणारा भाग नव्या विंडोज १० मधून काढला. मागणारा भाग काही आवृत्त्यांत ठेवला, पण एका अटीवर: कॉम्प्युटर चालू असतानाचे एकूण पंधरा दिवस तो कुणी वापरला नाही, तर तो स्वतःच स्वतःला काढून टाकतो. कुणाला विचारायचं नाही, कुणाला अडवायचं नाही. वापर नाही तर मुक्काम नाही. ही युक्ती आणखी कितीतरी सेवांना लावता येईल. अडचण एवढीच की, कित्येक कचेऱ्यांतली जुनी झेरॉक्स-स्कॅनर यंत्रं स्कॅन केलेला कागद कॉम्प्युटरवर पाठवतात ती नेमकी याच जुन्या पद्धतीनं. नवं विंडोज टाकल्यावर स्कॅन येईनासं होतं. मग तालुक्याहून पोरगा येतो, कंट्रोल पॅनेलमधल्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जाऊन त्या जुन्या एसएमबीची चौकट पुन्हा टिक करतो आणि एक पान स्कॅन करून दाखवतो. त्याच्या बिलात या कामाला वेगळी ओळही नसते.