दिग्दर्शनाच्या विद्यालयाचे दार

नट होण्याची हौस आपल्याकडे घरोघर आढळते. दिग्दर्शक व्हावे ही इच्छा मात्र बहुधा उशिरा, चारदोन नाटकांच्या तालमी जवळून पाहिल्यावर उत्पन्न होते. तिला पद्धतशीर शिक्षणाची जोड द्यावी असे ज्या तरुणाला वा तरुणीला वाटते, त्यांची दृष्टी साहजिकच दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाकडे वळते. संगीत नाटक अकादमीने १९५९ साली स्थापन केलेली ही संस्था १९७५ पासून स्वायत्त आहे.

येथील अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पहिले वर्ष सर्वांना समान असून अभिनय आणि दिग्दर्शन यांच्या वाटा त्यानंतर वेगळ्या होतात. तेव्हा केवळ दिग्दर्शनच शिकेन, असे म्हणणाऱ्यालाही प्रथम आवाज आणि देह यांची साधना करावी लागते. हे योग्यच आहे. रंगमंचावर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतः अनुभवले नाही, त्याने नटाला काय सांगावे?

अर्जदाराकडे पदवी, नाट्यप्रयोगांतील सहभागाचा अनुभव आणि हिंदी व इंग्रजीचे कामापुरते ज्ञान असावे लागते. प्राथमिक चाचणीतून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावले जाते. वयोमर्यादा व इतर अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात. राज्य नाट्यस्पर्धेत किंवा एकांकिका स्पर्धांत काम केलेल्यांनी आपल्या प्रयोगांची पत्रके आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. अनुभवाची ती साक्ष असते.

परंतु या कागदपत्रांहून महत्त्वाची तयारी निराळीच आहे. एखादे नाटक घ्यावे आणि स्वतःला विचारावे, की हे मला का करावेसे वाटते, आणि छापलेल्या शब्दांतून प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे मी नेमके काय उभे करणार? विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात जब्बार पटेल यांनी रंगमंचावर आणले. त्यात गाणाऱ्या ब्राह्मणांची रांग हाच पडदा झाला. ती कधी भिंतीसारखी उभी राही, कधी विरून जाई. सत्ता काय झाकते आणि काय उघड करते, हे त्या रांगेच्या हालचालींतूनच कळे. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी या विद्यालयाचे संचालक असताना त्यांनी १९६३ साली ‘अंधा युग’ दिल्लीतील फिरोजशहा कोटल्याच्या भग्न अवशेषांत सादर केले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जगाची कथा सांगण्यास याहून बोलके नेपथ्य कोणते असणार? आशय आणि अवकाश यांची अशी गाठ घालणे हेच दिग्दर्शकाचे काम होय. उमेदवाराने निदान एका नाटकापुरता तरी असा विचार शेवटपर्यंत नेलेला असावा.

मराठी उमेदवाराला हिंदीचा संकोच वाटतो. उच्चारांचा सराव अवश्य करावा. पण दशावतार, तमाशा, कीर्तन हे जे संचित आपण पाहत आलो, ते झाकून ठेवू नये. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या सहाध्यायांना देण्याजोगे आपल्यापाशी तेच असते.

आणि निवड झाली नाही तर? जागा थोड्या, इच्छुक पुष्कळ. तेव्हा नकार अनेकांच्या वाट्याला येणारच. पण जब्बार पटेल व्यवसायाने डॉक्टर होते, हे विसरू नये. विद्यालय दृष्टीला शिस्त लावते. ती दृष्टी मात्र ज्याची त्यानेच कमवावी लागते, आणि त्यासाठी गावातल्या शाळेची रिकामी खोली व चार उत्साही सोबती एवढे भांडवल आरंभाला पुरेसे आहे.